संप गिरणगावात, चूल घाटावर

संप पुकारायला हिंमत लागते, चालवायला मात्र पैसे लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या 'युनायटेड ऑटो वर्कर्स' या मोटार कामगारांच्या युनियनने फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप सुरू केला, तेव्हा तिच्या संप निधीत साडेब्याऐंशी कोटी डॉलर जमा होते. संपावर गेलेल्या प्रत्येक कामगाराला आठवड्याला ५०० डॉलर मिळत होते. कंपन्यांना याची कल्पना होती, आणि कामगार पंधरा दिवसांत उपाशीपोटी परत येतील या भ्रमात त्या नव्हत्या. साधारण सहा आठवड्यांत तिन्ही कंपन्या करारावर आल्या.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२८ मध्ये जवळजवळ सहा महिने संप केला. १९८२ मध्ये सुरू झालेला संप तर दीड वर्षाच्या आसपास चालला, आणि कागदोपत्री तो मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीरच केलं नाही. या कामगारांच्या कोणत्याही युनियनकडे सांगण्यासारखा संप निधी नव्हता. वर्गणीच्या पावत्या फाडल्या जात, त्या पैशात कचेरीचं भाडं आणि पत्रकांचा खर्च कसाबसा भागे. मग लाख-दोन लाख माणसं पगाराविना इतके महिने जगली कशी?

वाण्याची उधारी, खानावळवालीचा धीर, बायकोच्या अंगावरचं सोनं ही उत्तरं खरीच आहेत. पण या यादीतलं सगळ्यात मोठं नाव गावाचं आहे. कोकणातल्या मालवण-राजापूरचं, साताऱ्याकडच्या पाटणचं, आणि पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला सह्याद्रीला टेकलेल्या जुन्नर-आंबेगावचं. मुंबईच्या कामगार चळवळीचा इतिहास परळ-लालबागच्या मैदानांवरून सांगितला जातो, ते बरोबरच आहे. तोच इतिहास जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांतून पाहिला, तर चळवळीचं बळ कशात होतं आणि ते कुठे तोकडं पडलं, हे जास्त स्पष्ट दिसतं.

या दोन तालुक्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना मुलूख झपाट्याने बदलतो. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या बाजूला पाऊस कोसळतो. डोंगरउतारावर भात, नाचणी, वरई आणि हिरड्याची झाडं. पंचवीस-तीस मैल पूर्वेला गेलं की पाऊस आटतो आणि बाजरीचा पट्टा लागतो. कुकडी, मीना, घोड या नद्यांवर धरणं होण्याआधी बहुतेकांच्या हाती एकच पीक असे. भावाभावांत वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडत, आणि सावकाराचं व्याज तर वर्षभर चालूच असे. कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा मात्र जवळ होत्या. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून व्यापारी माल जात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच मुलखातून माणसं मुंबईकडे निघाली. कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५०च्या दशकात उभी राहिली आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव तयार झालं. घाटावरून आलेल्या या लोकांना शहराने नाव दिलं 'घाटी'. ते कौतुकाने दिलेलं नव्हतं.

मुंबईत उतरलेला माणूस सरळ गावाच्या खोलीवर जाई. चाळीतली एक खोली गावाच्या नावाने घेतलेली असे आणि दहा-बारा फुटांच्या त्या जागेत पंधरा-वीस पुरुष पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला आडवा व्हायचा. गिरणीत चिकटवून देणारा जॉबर बहुधा नात्यातला, नाहीतर शेजारच्या गावचा असे. आधी 'बदली' म्हणून रोज सकाळी दरवाज्यावर उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचं. कायम व्हायला कधी कधी वर्षं जात. जेवण खानावळीत, बायकोपोरं गावी, महिन्याला मनीऑर्डर. लग्नकार्याला, जत्रेला आणि पेरणीला रजा, मिळाली नाही तर खाडा. गिरणीमालक आणि इंग्रज अधिकारी याला मागासपणा म्हणत. हा माणूस अजून शेतकरीच आहे, पुरता कामगार झालेलाच नाही, अशी त्यांची तक्रार होती. राजनारायण चंदावरकर या इतिहासकाराने ही समजूत उलटी केली. त्याने दाखवलं की गावाशी टिकवलेलं नातं हा कामगाराचा अडाणीपणा नव्हता. शहरात लढता यावं म्हणून राखलेला तो आसरा होता.

याच मुलखातले काही जण गिरणीत न जाता डबे पोचवू लागले. मुंबईचे डबेवाले मुख्यतः मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर आणि शेजारच्या अकोल्याचे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हा व्यवसाय सुरू केला असं मानलं जातं. डबेवाल्यांची संघटना आहे, पण तिला युनियन म्हणता येत नाही, कारण त्यांच्यात मालक आणि नोकर असा भेदच नाही. जो डबे उचलतो तोच भागीदार. सव्वाशे वर्षांत त्यांनी काम बंद ठेवल्याची मोठी बातमी झाली ती ऑगस्ट २०११ मध्ये, तीही स्वतःच्या मागणीसाठी नाही, अण्णा हजारेंच्या उपोषणाला पाठिंबा म्हणून.

भारतातली पहिली कामगार संघटना ज्या माणसाच्या नावावर आहे, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म ठाण्याचा, पण घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. ते जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेलं 'दीनबंधू' हे पत्र लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईत नेलं आणि गिरणीतल्या माणसांची गाऱ्हाणी छापायला सुरुवात केली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, जखमी झाल्यास मदत या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ती हीच.

त्याच सुमारास जुन्नर तालुक्यातही सत्यशोधकांचं काम जोरात होतं. ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीला न बोलावता घरची लग्नं लावली. ग्रामजोशाने आपली दक्षिणा बुडाली म्हणून दावा ठोकला आणि प्रकरण कोर्टात गेलं. तालुक्यातल्या कुळांनी सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसायला नकार देऊन त्या पडीक ठेवल्या. तोही संपच होता, फक्त त्याला भोंगा नव्हता. म्हणून मुंबईच्या युनियनबाजीची हवा नंतर गावात शिरली असं सरसकट म्हणता येत नाही. एकाच विचाराची माणसं एकाच वेळी शेतात आणि गिरणीत 'नाही' म्हणत होती.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. पुढच्या १० जूनला मालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. आज जुन्नरच्या बाजारपेठेपासून बेंगळुरूच्या संगणक कंपनीपर्यंत सगळे जो रविवार उपभोगतात, त्यात या सभेचा वाटा आहे. अमेरिकेत तो काळ आठ तासांच्या मागणीचा होता. १८८६ मध्ये शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला, कामगार पुढाऱ्यांना फाशी झाली आणि जगाला १ मे मिळाला. लोखंड्यांना अर्ज-विनंत्यांनी जे साधलं ते लहान होतं, पण कोणीही फासावर न चढता साधलं. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना ते गेले. त्यांची संघटना मात्र लोखंडे म्हणजेच संघटना अशी होती. सभासदांची नोंद नाही, वर्गणी नाही. ते गेले तशी ती गेली.

खरी युनियन यायला १९२८ उजाडावं लागलं. मालकांनी एका कामगाराला जास्त साचे, जास्त चात्या सांभाळायला लावून माणसं कमी करायला घेतली होती. एप्रिलच्या अखेरीस गिरण्या बंद पडल्या त्या ऑक्टोबरपर्यंत. नेते श्रीपाद अमृत डांगे, निंबकर, जोगळेकर, शिवाय ना. म. जोशींसारखे मवाळही संयुक्त संप समितीत होते. सतरा मागण्यांची यादी झाली. लाल बावट्याच्या 'गिरणी कामगार युनियन'चे अध्यक्ष झाले अर्जुन आत्माराम आळवे, जे स्वतः गिरणीत राबलेले होते. वर्षअखेर या युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली. देशातल्या मोठ्या युनियनांत तिची गणना व्हावी इतका हा आकडा मोठा होता.

आणि खर्च? संप समितीने धान्य वाटलं, परदेशातल्या कामगार संघटनांकडून, अगदी सोव्हिएत रशियातूनही, थोडी मदत आली. पण संप लांबतो आहे असं दिसताच हजारो कामगारांनी गावची वाट धरली. मुंबईतली तोंडं कमी झाली, दरवाज्यावर उभं राहून संप फोडायला तयार होणारे बदलीवालेही कमी झाले. पावसाळा तोंडावर होता, शेतात हात हवेच होते. मालकांच्या डोळ्यांत खुपणारी शेतीची ओढ संपाच्या कामी आली.

या एकीला एक भेग होती, ती झाकून चालणार नाही. चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि सवर्ण साचेवाल्यांना 'त्यांच्या' तोंडचा धोटा चालत नसे. घाटावरून आलेल्या महार कामगारांना मग सूतकताईत, कमी पगारात राहावं लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला: सतरा मागण्यांत ही अठरावी का नाही? युनियनच्या पुढाऱ्यांकडे याला नीट उत्तर नव्हतं. तरी दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाच्या हक्कावर बंधनं घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन एक दिवसाचा संप घडवू शकले.

आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू सैद हा याच गर्दीतला एक. १९०८ चा जन्म, घरची गरिबी, मुंबईत गिरणीची नोकरी. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाचा ट्रक अडवायला तो रस्त्यात आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. वय बावीस. त्याची ओळख स्वातंत्र्यलढ्यातला हुतात्मा अशी आहे आणि ती योग्यच आहे. पण तो गिरणी कामगार होता हे चरित्राच्या पहिल्या ओळीत येतं आणि तिथेच राहतं. परदेशी कापडावरचा बहिष्कार देशी गिरणीमालकांच्या फायद्याचा होता, त्याच मालकांच्या ज्यांनी १९२९ चा पुढचा संप मोडून काढला होता. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात डांगे, निंबकर, आळवे तुरुंगात गेले होते, युनियन विस्कटली होती, कामावरून काढलेले हजारो रिकामे होते. अशा वर्षात एक गिरणी कामगार स्वदेशी कापडासाठी जीव देतो, ही गोष्ट साधी नाही. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला आज 'हुतात्मा बाबू गेनू सागर' म्हणतात. त्या पाण्याखाली आंबेगाव हे मूळ गाव आहे. तालुक्याला नाव त्याचं आणि कचेऱ्या घोडेगावात.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर दोन देशांचे रस्ते कायद्याने वेगळे झाले. अमेरिकेत १९३५ मध्ये वॅग्नर कायदा आला. एखाद्या कारखान्यात कोणती युनियन, किंवा कोणतीच नाही, हे कामगारांनी मतदानाने ठरवायचं आणि जिंकलेल्या युनियनशी मालकाने बोलणी करायचीच, असा त्याचा गाभा. १९३६-३७ च्या हिवाळ्यात मिशिगनमधल्या फ्लिंट गावी कामगार जनरल मोटर्सच्या कारखान्यातच ठाण मांडून बसले आणि कंपनीला युनियन मान्य करावी लागली. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतले जवळजवळ एक तृतीयांश पगारदार युनियनमध्ये होते. घर, गाडी, आजारपणाचा विमा, निवृत्तिवेतन हे सगळं करारात बसवलं गेलं. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने मात्र त्यांचे बरेच पंख छाटले होते.

मुंबई प्रांतात आला 'बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट, १९४६'. इथेही एका उद्योगात एकच 'प्रातिनिधिक' युनियन, आणि बोलणी फक्त तिच्याशी. पण ती ठरवायची रजिस्ट्रारने, सभासदांच्या पावत्या तपासून; कामगारांचं गुप्त मतदान नाही. काँग्रेसच्या छायेतल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला हा दर्जा मिळाला आणि तो त्याच्याकडेच राहिला. लाल बावट्याच्या सभेला कितीही माणसं जमोत, करारावर सही संघाचीच. या संघाने मजुरांच्या पदरात काहीच टाकलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. महागाई भत्ता आणि बोनसचे करार त्यानेही केले. पण ज्याला बदलता येत नाही असा प्रतिनिधी हळूहळू मालकाच्याच माणसासारखा दिसू लागतो. गिरणगावात तसंच झालं. त्यात १९६० च्या दशकात शिवसेना आली, १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि चाळीचाळीतली लाल पकड सैल पडली.

ऑक्टोबर १९८१ मध्ये बोनसवरून ठिणगी पडली. संघाने केलेला करार कामगारांना मान्य नव्हता. ते घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या दारात गेले. सामंत पेशाने डॉक्टर, इंजिनीअरिंग कारखान्यांत मोठे पगारवाढीचे करार घडवून आणणारे, हिशेबाच्या वह्या न बघता आकडा मागणारे म्हणून प्रसिद्ध. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईतल्या साठेक गिरण्यांचे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करणं होतं, आणि तो १९४६ चा कायदा रद्द करा हेही होतं.

पहिल्या महिन्यांत पुन्हा १९२८ घडलं. एसटी आणि रेल्वे भरभरून गावाकडे गेल्या. घाटावरच्या घरांत उन्हाळ्यातच मुंबईकर हजर झाले. खळं झालेलं होतं, कणगीत धान्य होतं. जिथे रोजगार हमीची कामं निघाली होती, तिथे कालचे साचेवाले माती उचलायला गेले. लाल निशाण पक्षासारख्या डाव्या गटांनी ग्रामीण भागात सभा घेतल्या, शेतमजूर आणि संपकरी यांना एकत्र आणायचा प्रयत्न केला, धान्य गोळा केलं. मुंबईत राहिलेल्यांना खानावळवाल्या बायकांनी उधारीवर जेवू घातलं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या 'अन्नपूर्णा महिला मंडळा'ने या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली होती, म्हणून काही खानावळी तरी तगल्या. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात; पोळ्या लाटणाऱ्या बायकांची येत नाहीत.

मग पावसाळा आला, गेला. ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांचंच बंड झालं, संपकरी त्यांच्यासोबत रस्त्यावर उतरले आणि शहर पेटलं. तरी सरकार हललं नाही. मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले गेले, वसंतदादा पाटील आले. दिल्लीची भूमिका पक्की होती: गिरणगावात सामंत जिंकले, तर बंदर, रेल्वे, तेल कंपन्या कुठलंच क्षेत्र सुरक्षित राहणार नाही.

मुंबईचा संप सुरू होण्याच्या पाचच महिने आधी अमेरिकेत हाच धडा दिला गेला होता. ३ ऑगस्ट १९८१ रोजी विमान वाहतूक नियंत्रकांनी संप केला. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ती संपताच अकरा हजारांवर नियंत्रकांना नोकरीवरून काढलं. अमेरिकेतल्या खासगी मालकांनी यातून काय घ्यायचं ते घेतलं. मुंबईच्या गिरणीमालकांना असं धाडस करायचीही गरज पडली नाही. त्यांच्या गोदामांत न खपलेलं कापड पडून होतं. संपाने ते खपलं. नवं कापड भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कमी मजुरीत तयार होऊ लागलं. जुनी यंत्रं बदलण्यात पैसा घालण्यापेक्षा गिरणी ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन जास्त मोलाची आहे, हे त्यांना कळून चुकलं होतं. ज्या मालकाला कारखाना चालवायचाच नाही, त्याच्याविरुद्ध संप हे हत्यार बोथट असतं.

गावाचा आसराही याच टप्प्यावर उलटला. सहा महिने पोसणं गावाला झेपतं, दीड वर्ष झेपत नाही. आणि दुसरं असं, की गावी गेलेला कामगार उपाशी मरत नव्हता, पण तो मुंबईतल्या गिरणीच्या दरवाज्यावरही नव्हता. रोजची गेट मीटिंग नाही, पिकेटिंग नाही. अडीच लाखांचा संप शेकडो गावांत विखुरला. सरकारला त्याची घाई वाटेनाशी झाली. १९२८ मध्ये जे बळ होतं, तेच १९८३ मध्ये मालकांच्या सोयीचं झालं. अमेरिकेच्या कापड उद्योगातही सुरुवातीला असंच काही होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या गिरण्यांत न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या मुली काम करत. १८३४ आणि १८३६ मध्ये त्यांनी संप केले, आणि जमलं नाही तर माहेरच्या शेतावर परत जायची वाट त्यांना मोकळी होती, म्हणून त्या बेधडक होत्या. पुढे मालकांनी परतायला शेत नसलेले आयरिश कामगार आणले.

१९८३ मध्ये तेरा गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. हजारो कामगारांना परत घेतलंच नाही. १९८४ च्या निवडणुकीत, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या लाटेत, सामंत गिरणगावातून लोकसभेवर निवडून आले. हरलेल्या संपाचा पुढारी जिंकला, हे बाहेरच्यांना कोडंच वाटलं. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत त्यांना गोळ्या घालून मारलं. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची विक्री शक्य केली, २००१ च्या दुरुस्तीने ती मालकांना आणखी सोयीची केली. दत्ता इस्वलकरांच्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने निदान घरांचा हक्क पदरात पाडून घेतला. म्हाडाच्या सोडतीसाठी दीड लाखाहून जास्त कामगार-वारसांनी अर्ज भरले. त्यातले कितीतरी अर्ज घाटावरच्या पत्त्यांवरून गेले. सोडतीत नाव लागायच्या आधी अनेक अर्जदार वारले.

जुन्नर-आंबेगावात परतलेल्यांचं नशीब गावागणिक वेगळं निघालं. कुकडी प्रकल्पाचे कालवे जिथे पोचले, तिथे बाजरीच्या रानात ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षं आली. 'विघ्नहर' आणि 'भीमाशंकर' हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. तिथल्या माणसाला मुंबई सुटली याचं फार दुःख राहिलं नाही. पश्चिमेच्या डोंगरातल्या आदिवासी गावांनी धरणाला जमीन दिली आणि पाणी खाली गेलेलं पाहिलं. हिरड्याच्या भावासाठी आणि चक्रीवादळाने पडलेल्या झाडांच्या भरपाईसाठी तिथे आज किसान सभा मोर्चे काढते. तालुक्यात संघटनेची भाषा अजून कुठे जिवंत असेल तर ती बरीचशी इथेच.

हमालांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राने वेगळीच वाट काढली. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईतल्या माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमाल कुठल्या एका मालकाचा नोकर नसतो. म्हणून मंडळ नेमलं, व्यापाऱ्याने मजुरीवर लेव्ही भरायची आणि त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा. ओतूर-आळेफाट्याचा कांदा वाशीच्या बाजारात ज्यांच्या पाठीवरून उतरतो, त्यांचं संरक्षण आजही या कायद्याने होतं. कायम नोकरी नसलेल्या माणसालाही कायद्याचं कवच देता येतं, हे साठच्या दशकात इथे सुचलं. ॲपवरून गाडी चालवणाऱ्यांसाठी असं काही करता येईल का, यावर अमेरिकेत आता कुठे वाद चालू आहेत.

गिरणी कामगाराच्या नातवाने मुंबई गाठली नाही. तो नाशिक महामार्गाने चाकण-भोसरीला जातो. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातही युनियनांनी जोर दाखवून पाहिला आहे. १९८९ मध्ये पिंपरीच्या टेल्कोत राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. पोलिसांनी पहाटे कारवाई करून त्यांना उचललं आणि आंदोलन मोडलं. २०१३ मध्ये बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात दिलीप पवारांच्या विश्व कल्याण कामगार संघटनेने पन्नास दिवस संप केला. पगाराबरोबर कंपनीचे शेअरही सवलतीत मागितले होते. कामगार पन्नास दिवसांनी हाती काही न घेता कामावर आले. संपाच्या काळात कंपनीचं उत्पादन थांबलं नव्हतं, काही भाग दुसऱ्या कारखान्याने उचलला होता.

अमेरिकेत आज दहातला जेमतेम एक कामगार युनियनमध्ये आहे, खासगी क्षेत्रात तर शंभरात सहा. तरी तिथे २०२२ मध्ये स्टेटन आयलंडवरच्या ॲमेझॉनच्या गोदामात कामगारांनी मतदान करून युनियन आणली. पुढची वर्षं कंपनीला बोलणीला बसवण्यातच गेली.

भारतात २०२० मध्ये संमत झालेली औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कोणत्याही उद्योगात संपाआधी चौदा दिवसांची नोटीस देणं बंधनकारक झालं. कारखाना बंद करायला किंवा कामगार कपात करायला सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला लागे, आता तीनशेच्या आत असेल तर लागत नाही. आणि ज्यासाठी गिरणगाव १९८२ मध्ये रस्त्यावर आलं होतं, त्याबद्दलही एक तरतूद आहे: एकाहून जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन बोलणी करेल. चाकणच्या शेडमध्ये मात्र यंत्रावर उभ्या असलेल्या निम्म्याहून जास्त पोरांची नावं कंपनीच्या हजेरीपटावर नसतात, ठेकेदाराच्या असतात. आणि त्या ठेकेदाराची कचेरी कधी कधी दुसऱ्याच तालुक्यात असते.